फाइल गेली, नोंद मागे फिरली: डेटाबेसमधून शेल कमांड चालवण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातला एक सहकारी दूध संघ. ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत. संकलन केंद्रांवरची फॅट-एसएनएफची (दुधाच्या प्रतीची) नोंद, पशुखाद्याची उधारी, टँकरचं भाडं, उत्पादकांचं दहा दिवसांचं बिल असा सगळा कारभार एकाच एसक्यूएल सर्व्हरवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसवर चालतो. सॉफ्टवेअर स्थानिक कंपनीनं लिहिलेलं आणि वर्षानुवर्षं ठिगळं लावत वाढवलेलं. संघाचा ईडीपी (संगणक) विभाग छोटा. रात्रपाळीला एक ऑपरेटर असतो. डेटाबेसची देखभाल बाहेरून, करारावर होते आणि मी त्या बाजूला होतो.

दर दहा दिवसांनी बिल तयार झालं की त्या रात्री एक वाजता एक स्टोअर्ड प्रोसिजर, म्हणजे डेटाबेसमध्येच साठवलेला प्रोग्रॅम, चाले. उत्पादकांची खाती दोन बँकांत होती. त्यांना इथे पहिली बँक आणि दुसरी बँक म्हणू. प्रोसिजर आधी ट्रान्झॅक्शन (सगळे बदल एकत्र पक्के होतील किंवा एकत्र मागे फिरतील असा गट) उघडे, पहिल्या बँकेच्या उत्पादकांच्या खतावणीत 'अदा' अशी खूण करे, बीसीपी हा डेटा बाहेर काढणारा प्रोग्रॅम चालवून त्या नोंदींची टेक्स्ट फाइल काढे आणि पीएससीपी या पुटीसोबत (दूरच्या यंत्राशी जोडणारं सॉफ्टवेअर) येणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमनं ती बँकेच्या सर्व्हरवर चढवी. मग दुसऱ्या बँकेसाठी हेच सगळं. शेवटी कमिट, म्हणजे सगळे बदल पक्के.

बीसीपी आणि पीएससीपी हे दोन्ही डेटाबेसच्या बाहेरचे, विंडोजचे प्रोग्रॅम. प्रोसिजर त्यांना एक्सपी_सीएमडीशेल मार्फत हाक मारी. एक्सपी_सीएमडीशेलला एक ओळ द्यायची, ती ओळ शेल कमांड म्हणून सर्व्हरच्या कमांड प्रॉम्प्टवर चालते, जे काही छापून येईल ते टेबलच्या ओळींसारखं परत मिळतं. कमांड यशस्वी झाली तर शून्य, नाहीतर एक. ती संपेपर्यंत प्रोसिजर पुढच्या ओळीवर जात नाही. या वाक्यावरच पुढचं सगळं प्रकरण उभं आहे.

ज्यानं हे लिहिलं त्याला नावं ठेवायची घाई करू नये. एकाच ठिकाणी सगळं लिहिता येतं, वेगळा प्रोग्रॅम बसवावा लागत नाही, वेगळं वेळापत्रक नको. आणि ते अनेक वर्षं एकदाही न कुरकुरता चाललं होतं.

मात्र एसक्यूएल सर्व्हर २००५ पासून मायक्रोसॉफ्ट ही सोय मुळात बंद ठेवूनच देतं. त्यामागे कारण आहे. मे २००२ मध्ये स्पायडा नावाचा वर्म (आपोआप पसरणारा घातक प्रोग्रॅम) पसरला होता. ज्या सर्व्हरवर 'एसए' या मुख्य खात्याला पासवर्डच नव्हता, तिथे तो सरळ लॉगिन करी आणि एक्सपी_सीएमडीशेलनं विंडोजवर ताबा मिळवी. म्हणजे ही सोय चालू आहे याचा अर्थ कोणी तरी ती हातानं चालू केली आहे. इथे कोणी आणि कधी केली, याची नोंद सापडली नाही.

पहाटे काय झालं

साडेपाचच्या सुमारास केंद्रांवर दूध येऊ लागलं आणि नोंदी अडकायला लागल्या. पडद्यावर गोल फिरणारं चाक. केंद्रचालकांनी वही काढली आणि लिटर, फॅट हातानं लिहायला सुरुवात केली. हे त्यांना नवीन नव्हतं, लाइट गेली की तेच करतात. पण संघात फोन सुरू झाले.

ऑपरेटरनं अडकलेल्या सेशनची (डेटाबेसशी चालू असलेल्या जोडण्यांची) यादी काढली. सगळ्यांच्या पुढे एकच सेशन उभं होतं, रात्री एक वाजल्यापासूनचं, बिलाच्या प्रोसिजरचं. इतक्या नोंदींवर एका झटक्यात 'अदा' लिहिलं की एसक्यूएल सर्व्हर ओळीओळीचे लॉक (दुसऱ्यांना तिथे थांबवणारी कुलपं) सोडून अख्ख्या टेबलाचाच लॉक घेतो. एका स्टेटमेंटमध्ये साधारण पाच हजार लॉक झाले की ही वाढ होते. पशुखाद्याची कपात त्याच खतावणीत लागत असल्यामुळे सकाळची प्रत्येक नोंद तिथे येऊन थडकत होती.

ऑपरेटरनं त्या सेशनला किल (बंद करण्याचा आदेश) दिलं. त्यानं जे शिकलं होतं तेच केलं. बहुतेक वेळा हेच बरोबर असतं.

सेशन गेलं नाही. स्थिती दिसली 'किल्ड/रोलबॅक'. रोलबॅक म्हणजे केलेले बदल मागे फिरवणं. पुन्हा विचारलं तर उत्तर आलं की रोलबॅक सुरू आहे, पूर्ण झालेला भाग शून्य टक्के, उरलेला वेळ शून्य सेकंद. पंधरा मिनिटांनीही तेच शून्य टक्के. मग मला फोन आला. "सर, रोलबॅक हलतच नाहीये. सर्व्हिस रीस्टार्ट मारू का?"

पहिला निर्णय: रीस्टार्ट की आणखी काही

सेशन कशाची वाट पाहतंय ते आधी बघायला सांगितलं. वेटचा प्रकार होता प्रीएम्प्टिव्ह_ओएस_पाइपऑप्स. हा शब्द दिसला की समजावं, सेशन डेटाबेसच्या आत नाहीच. ते बाहेर सोडलेल्या प्रोग्रॅमच्या पाइपच्या (उत्तर परत येण्याच्या नळीच्या) टोकाशी बसलं आहे. किलचा निरोप त्याच्या नावावर लागला आहे, पण तो वाचायला ते आत परत यायला हवं, आणि बाहेरचा प्रोग्रॅम संपल्याशिवाय ते परत येणार नाही. म्हणूनच शून्य टक्के. रोलबॅक हळू चालला नव्हता, सुरूच झाला नव्हता.

टास्क मॅनेजरमध्ये पीएससीपी दिसत होता, रात्री एकच्या ठोक्यानंतर सुरू झालेला आणि सीपीयू शून्य. कमांड लाइनचा रकाना उघडला तेव्हा कळलं की तो दुसऱ्या बँकेकडे फाइल पाठवायला निघाला होता. जाता जाता बँकेचा पासवर्डही तिथे उघडा वाचता आला. तो विषय पुढे येईल.

कागदावर तीन वाटा होत्या.

सर्व्हिस रीस्टार्ट केली असती तर ट्रान्झॅक्शन परत फिरलं असतं. पण टँकर डिस्पॅच आणि कारखान्याचा गेटपासही त्याच सर्व्हरवर, म्हणजे उरलेलंही बंद पडलं असतं. आणि मिळणारं फळ किलपेक्षा वेगळं नव्हतं.

दुसरी वाट, फक्त पीएससीपी संपवायचा, किल द्यायचंच नाही. तसं झालं असतं तर एक्सपी_सीएमडीशेल 'एक' हा निकाल घेऊन परतलं असतं, प्रोसिजर पुढच्या ओळीवर गेली असती आणि कमिट झालं असतं. कारण हा निकाल तपासणारी एकही ओळ प्रोसिजरमध्ये नव्हती. दोन्ही बँकांच्या उत्पादकांवर 'अदा' लागलं असतं, दुसऱ्या बँकेला फाइल गेलेली नसतानाही.

तिसरी, आधी किल आणि मग पीएससीपी संपवायचा. त्यात सगळं परत फिरतं, दोन्ही बँकांवरचं 'अदा' पुसलं जातं. पण पहिल्या बँकेची फाइल तर रात्रीच गेलेली असण्याची दाट शक्यता होती.

इथे थांबून दुसऱ्या आणि तिसऱ्या वाटेतला फरक पाहायला हवा, कारण तो तांत्रिक नाही, पैशाचा आहे. दुसऱ्या वाटेत चुकीची नोंद म्हणजे न मिळालेले पैसे मिळाले असं दाखवणं. उत्पादक दुपारपर्यंत विचारायला येतो, चूक सापडते, पैसे एक दिवस उशिरा जातात. तिसऱ्या वाटेत चुकीची नोंद म्हणजे दिलेले पैसे दिले नाहीत असं दाखवणं. मग कोणी तरी ती फाइल पुन्हा पाठवतं आणि हजारो खात्यांत दुसऱ्यांदा रक्कम जमा होते. जास्त आलेल्या पैशाची तक्रार घेऊन फारसं कोणी येत नाही. शांतपणे निवड करता आली असती तर मी दुसरी वाट धरली असती आणि दुसऱ्या बँकेची खूण हातानं काढली असती.

पण किल आधीच दिलं गेलं होतं आणि दिलेलं किल मागे घेता येत नाही. तिसरीच वाट उरली होती.

दुसरा निर्णय: दहा वाजेपर्यंत कोणी काही पाठवू नये

पीएससीपी संपवला. काही क्षणांत रोलबॅक झाला, लॉक सुटले, केंद्रांच्या नोंदी धडाधड पडू लागल्या. संघाच्या दृष्टीनं प्रॉब्लेम सुटला होता. माझ्या दृष्टीनं सगळ्यात धोक्याचे चार तास आता सुरू होत होते.

लेखा विभाग साडेनऊला उघडतो. तिथल्या पडद्यावर दोन्ही बँकांची बिलं 'बाकी' दिसणार. आणि त्याच पडद्यावर एक बटण आहे: 'बँक फाइल पुन्हा पाठवा'. आदल्या रात्री काही गडबड झाली असं कानावर आलेला कोणताही कर्तव्यदक्ष क्लार्क ते बटण दाबणार.

पहिली फाइल खरंच पोचली का, हे सर्व्हरवर कळायला मार्ग नव्हता. फाइल डिस्कवर होती, पण त्यावरून ती बनली एवढंच सिद्ध होतं. पीएससीपीनं काय छापलं हे एक्सपी_सीएमडीशेलनं दिलं असतं, मात्र प्रोसिजर लिहिणाऱ्यानं 'नो_आउटपुट' लावून ते फेकून दिलं होतं. बँकेला विचारायचं तर सकाळी सहा वाजता फोन कोण उचलणार.

प्रोसिजरवर डिनाय (चालवायला मनाई) लावू, असं सुचवलं गेलं. ते चाललं नसतं. संघाचं सॉफ्टवेअर 'एसए' म्हणूनच लॉगिन होत होतं, म्हणजे सर्व हक्क असलेल्या सिसअ‍ॅडमिन गटात होतं, आणि सिसअ‍ॅडमिनला डिनाय लागूच पडत नाही, परवानगी तपासण्याचा टप्पाच त्याच्यासाठी वगळला जातो. शेवटी प्रोसिजरची पहिलीच ओळ बदलली: 'बँकेकडून खात्री होईपर्यंत फाइल पाठवणे बंद, ईडीपीशी बोला' असा एरर द्यायचा आणि बाहेर पडायचं. एजंटमधला (एसक्यूएल सर्व्हरचा वेळापत्रक सांभाळणारा भाग) रात्रीचा जॉबही बंद केला. शिवाय लेखापालांना घरी फोन केला. एररचा मजकूर कोणी वाचत नाही, फोन सगळे उचलतात.

दहानंतर पहिल्या बँकेनं सांगितलं: फाइल रात्रीच मिळाली, रक्कम जमाही झाली. मग ईडीपीच्या एकानं टाइप करायचं आणि लेखापालांनी शेजारी बसून बेरीज जुळवायची, अशा पद्धतीनं पहिल्या बँकेच्या नोंदींवर 'अदा' लावलं. दुसऱ्या बँकेची फाइल नव्यानं काढून दुपारी पाठवली. त्या उत्पादकांना पैसे संध्याकाळी मिळाले.

मुळात अडकलं कशामुळे

दुसऱ्या बँकेनं आपला फाइल सर्व्हर नव्या यंत्रावर हलवला होता. तसं पत्र आधीच आलं होतं आणि ईडीपीच्या इंजिनिअरनं त्याप्रमाणे चाचणीही घेतली होती. तो स्वतःच्या नावानं सर्व्हरवर लॉगिन झाला, पीएससीपी चालवला, पीएससीपीनं विचारलं की या सर्व्हरची होस्ट की (सर्व्हरची ओळख पटवणारी खूण) माझ्या ओळखीची नाही, साठवून ठेवू का. त्यानं 'वाय' दाबलं. पुन्हा चालवून पाहिलं, या वेळी न विचारता जोडणी झाली. चाचणी पास.

चाचणी खरोखर पास होती, पण दुसऱ्याच खात्यावर. पुटीची ही ओळखीची यादी विंडोज रजिस्ट्रीत त्या त्या वापरकर्त्याच्या कप्प्यात राहते. रात्री मात्र पीएससीपी चालतो एसक्यूएल सर्व्हरच्या सर्व्हिस खात्यानं, म्हणजे ज्या विंडोज खात्यानं डेटाबेस चालतो त्यानं. त्याच्या कप्प्यात नवी की नव्हती. तोच प्रश्न पुन्हा विचारला गेला, पण अशा ठिकाणी जिथे पडदा नाही आणि 'वाय' दाबायला कीबोर्ड नाही. पहाटेपर्यंत तो उत्तराची वाट पाहत राहिला.

'हातानं चालतं, डेटाबेसमधून चालत नाही' ही तक्रार ऐकली की माझं पहिलं बोट सर्व्हिस खात्याकडे जातं. मॅप केलेला झेड ड्राइव्ह त्याला दिसत नाही. पाथ वेगळा असतो. नेटवर्क शेअरवर हक्क नसतात. इथे होस्ट की होती इतकंच.

नोलॉक का होतं

प्रोसिजर नीट वाचताना बीसीपीच्या क्वेरीत 'नोलॉक' (लॉकसाठी न थांबता वाच) दिसलं. सवयीनं घातलेलं असेल असं आधी वाटलं, पण ते काढून चाचणी सर्व्हरवर चालवलं तेव्हा प्रोसिजर कायमची लटकली. बीसीपी बाहेरचा प्रोग्रॅम असल्यामुळे तो डेटाबेसशी स्वतःची नवी जोडणी उघडतो. त्याला हाक मारणाऱ्या प्रोसिजरच्या ट्रान्झॅक्शनशी त्याचं काही नातं नसतं. त्यामुळे प्रोसिजरनंच लावलेल्या लॉकपाशी तो थांबतो, आणि प्रोसिजर तो संपायची वाट पाहते. हे सरळसरळ डेडलॉक आहे, पण एसक्यूएल सर्व्हरच्या डेडलॉक शोधकाला ते दिसत नाही. त्याच्या लेखी एकच जण लॉकसाठी थांबलेला आहे, दुसरा बाहेर गेलेला. म्हणून कोंडी फोडायला कोणालाच बळी दिलं जात नाही.

मूळ लेखकाला हे नक्कीच भेटलं असणार आणि त्यानं नोलॉक टाकून सुटका करून घेतली. त्या सुटकेची किंमत अशी की बँकेला जाणारी फाइल अजून कमिट न झालेल्या नोंदींतून बनत होती. पोस्टाच्या पेटीत टाकलेलं पत्र रोलबॅकनं परत येत नाही. शेल कमांड ट्रान्झॅक्शनच्या कंसात लिहिली तरी ती ट्रान्झॅक्शनचा भाग होत नाही, आणि त्या रात्रीचं सगळं नुकसान या एका गोष्टीतून निघालं होतं. होस्ट की निमित्त होती. तिच्या जागी डिस्क भरली असती, नेट गेलं असतं, तरी हेच घडलं असतं.

हक्कांकडे पाहिल्यावर

कमांड लाइनवर दिसलेल्या पासवर्डनं दुसरा धागा हातात दिला होता. तो ओढल्यावर जे निघालं ते पहाटेच्या गोंधळापेक्षा गंभीर होतं. सिसअ‍ॅडमिननं एक्सपी_सीएमडीशेल चालवलं की कमांड सर्व्हिस खात्याच्या हक्कांनी चालते. इथे ते खातं सर्व्हरच्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स गटात होतं. सॉफ्टवेअरचं लॉगिन 'एसए'. म्हणजे सॉफ्टवेअरच्या एखाद्या शोधचौकटीत एसक्यूएल इंजेक्शनची (टाइप केलेल्या मजकुरातून डेटाबेसची कमांड घुसवण्याची) फट असती तर ती थेट विंडोजच्या मालकापर्यंत जाणारी वाट होती.

अशी फट शोधायला लांब जावं लागलं नाही. काही प्राथमिक संस्थांकडून वजनकाट्याच्या फाइली एका फोल्डरमध्ये येत. एक प्रोसिजर त्या फोल्डरची यादी 'डीआयआर' चालवून घेई, फाइल वाचे आणि मग 'मूव्ह' या शब्दापुढे फाइलचं नाव जोडून ती दुसरीकडे हलवी. विंडोजमध्ये फाइलच्या नावात अँपरसँड चालतो. कमांड प्रॉम्प्टला मात्र अँपरसँड म्हणजे एक कमांड संपली, पुढची सुरू. एका संस्थेच्या नावातच तो होता, आणि तिची फाइल कधीच हलत नसे. ईडीपीतली मंडळी वर्षभर ती हातानं हलवत होती, 'त्या संस्थेची फाइल जरा विचित्र आहे' म्हणत. नावाच्या उरलेल्या अर्ध्या भागाला सर्व्हर रोज कमांड म्हणून चालवायचा प्रयत्न करत होता. तो अर्धा भाग एखाद्या खऱ्या कमांडचं नाव नव्हता, एवढंच नशीब.

कोणते पर्याय तोलले

व्यवस्थापनाची पहिली प्रतिक्रिया अपेक्षित होती: एक्सपी_सीएमडीशेल आजच बंद करून टाका. मी नको म्हटलं. आणखी कुठे कुठे वापर आहे हे माहीत नसताना बंद केलं तर पुढचं दहा दिवसांचं बिल अडकणार, मग घाईनं कोणी तरी पुन्हा चालू करणार, आणि एकदा 'बंद करून पाहिलं, चालत नाही' असं ठरलं की तो विषय संघात दोन वर्षं निघणार नाही.

प्रॉक्सी खातं हा पुस्तकी उपाय आहे. जो सिसअ‍ॅडमिन नाही त्यानं एक्सपी_सीएमडीशेल चालवलं तर कमांड ठरवून दिलेल्या कमी हक्कांच्या विंडोज खात्यानं चालते. पण सिसअ‍ॅडमिनला प्रॉक्सी लागूच होत नाही आणि इथे सगळेच सिसअ‍ॅडमिन. शिवाय त्यानं ट्रान्झॅक्शनचा प्रश्न सुटत नाही.

एसक्यूएल सर्व्हर एजंटच्या जॉबमध्ये कमांडची वेगळी पायरी लावणं बरंच बरं होतं. पायरीचं छापील उत्तर जॉबच्या इतिहासात राहतं, अपयश आलं तर पायरी लाल होते, आणि एक्सपी_सीएमडीशेल लागतच नाही. ज्यांच्याकडे मोफत एक्सप्रेस आवृत्ती आहे त्यांना ही वाट नाही, तिच्यात एजंट येत नाही. संघाकडे स्टँडर्ड होती.

शेवटचा पर्याय, पाठवण्याचं काम डेटाबेसच्या पूर्ण बाहेर काढायचं. डेटाबेसनं फक्त एका टेबलात लिहायचं की अमुक फाइल पाठवायची आहे. बाहेरचा छोटा प्रोग्रॅम ते वाचून पाठवेल आणि निकाल परत लिहील.

काय केलं

दोन टप्पे ठरवले. पुढच्या बिलाआधी एजंटचा उपाय: प्रोसिजर फक्त खुणा करून कमिट करील, त्यानंतरच्या वेगळ्या पायऱ्यांत फाइल बनेल आणि जाईल. कमिट आधी झाल्यामुळे नोलॉकची गरज संपली. पीएससीपीला 'बॅच' हा पर्याय दिला, म्हणजे प्रश्न विचारायची वेळ आली तर थांबून न राहता तो चूक दाखवून बाहेर पडतो. होस्ट कीचा ठसा बँकेशी फोनवर पडताळून थेट कमांडमध्ये लिहिला, रजिस्ट्रीच्या कप्प्यावर अवलंबून राहणं थांबलं. पासवर्डऐवजी की (किल्लीची फाइल) वापरली आणि जुना पासवर्ड बँकेकडून रद्द करून घेतला, कारण तो प्रोसिजरच्या मजकुरातून प्रत्येक बॅकअपमध्ये गेलेला होता.

दुसरा टप्पा 'पाठवणी' या टेबलाचा. प्रत्येक फाइलची एक ओळ: बॅच क्रमांक, बँक, एकूण रक्कम, नोंदींची संख्या, स्थिती. स्थिती तयार, उचलली, पाठवली, पोच मिळाली अशी पुढे सरकते. बाहेरचा प्रोग्रॅम पाठवण्याआधी 'उचलली' लिहितो आणि पाठवून झाल्यावर 'पाठवली'. मध्येच यंत्र बंद पडलं तर ओळ 'उचलली'वर अडकते.

अशा अडकलेल्या ओळीचं काय करायचं, यावर सगळ्यात जास्त वाद झाला. सॉफ्टवेअर कंपनीचं म्हणणं, थोड्या वेळानं आपोआप पुन्हा पाठवा, आजकाल सगळे तसंच करतात. लेखापालांचं म्हणणं, अजिबात नाही. लेखापाल बरोबर होते. निरोप किंवा अहवाल दोनदा गेला तर चालतो, रक्कम नाही. अडकलेली ओळ माणूस बँकेला विचारल्याशिवाय पुढे सरकत नाही, असं ठरलं. फाइलच्या नावात बॅच क्रमांक घातला, म्हणजे चुकून दोनदा गेली तर बँकेलाही ओळखू यावी. 'पुन्हा पाठवा' बटण काढून टाकलं.

बाकीचे वापर शोधताना प्रोसिजरच्या मजकुरात आणि एजंटच्या पायऱ्यांमध्ये शब्द शोधला. पण स्ट्रिंगा जोडून बनवलेली कमांड अशा शोधात निसटते, म्हणून एक्स्टेंडेड इव्हेंट (डेटाबेसमधल्या घटना टिपणारी सोय) लावून एक पूर्ण महिना प्रत्यक्ष वापर टिपला. महिना यासाठी की महिनाअखेरीचं काम महिनाअखेरीलाच दिसतं. बॅकअप दुसऱ्या सर्व्हरवर कॉपी करणं निघालं, ते थेट नेटवर्क शेअरवर बॅकअप घेऊन सुटलं. डिस्कची मोकळी जागा पाहणं निघालं, त्याला डेटाबेसचा स्वतःचा व्ह्यू आहे. वजनकाट्याच्या फाइली बाहेरच्या प्रोग्रॅमकडे गेल्या, आणि त्या विचित्र संस्थेची फाइल हलू लागली.

सॉफ्टवेअरला 'एसए'वरून उतरवणं सगळ्यात चिवट निघालं. 'चालणार नाही' एवढंच उत्तर मिळत होतं. चाचणी प्रतीवर कमी हक्कांचं लॉगिन लावून प्रत्येक मेनू चालवला, जिथे अडलं तिथला हक्क दिला. वाचणं, लिहिणं आणि प्रोसिजर चालवणं यापलीकडे फारच थोड्या ठिकाणी काही लागलं. डेटाबेसची ट्रस्टवर्दी ही सेटिंग बंद आहे ना, हेही पाहिलं. ती चालू असेल आणि डेटाबेसचा मालक 'एसए' असेल तर त्या डेटाबेसमध्ये 'डीबी_ओनर' ही भूमिका असलेला माणूस तिथून सिसअ‍ॅडमिन होऊ शकतो. सर्व्हिस खातं अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स गटातून काढलं. एक्सपी_सीएमडीशेल सर्वात शेवटी बंद केलं.

हा क्रम मुद्दाम होता. सिसअ‍ॅडमिनला ती सोय एसपी_कॉन्फिगर या सेटिंग बदलणाऱ्या कमांडनं क्षणात पुन्हा चालू करता येते. सॉफ्टवेअर 'एसए' असताना ती बंद करणं म्हणजे कुलूप लावून किल्ली दारालाच अडकवणं झालं असतं. ऑडिटच्या यादीत 'बंद' अशी बरोबरची खूण मात्र मिळाली असती.

दुसऱ्या डेटाबेसवर असतं तर

संघाचं एक नवं मोड्यूल पोस्टग्रेएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसवर येतंय, म्हणून तिथलीही चौकशी झाली. तिथे कॉपी या कमांडला 'प्रोग्रॅम' जोडून सर्व्हरवर शेल कमांड चालते, ९.३ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१३ पासून. सुपरयूजर (तिथलं सर्व हक्कांचं खातं) लागतो, किंवा आवृत्ती ११ पासून त्यासाठी वेगळी भूमिका देता येते. म्हणजे सॉफ्टवेअर सुपरयूजर म्हणून जोडलं की कथा तीच. ओरॅकलमध्ये डीबीएमएस_शेड्यूलरचे बाहेरचे जॉब आहेत. मायएसक्यूएलच्या क्लायंटमधली 'सिस्टम' आणि पीएसक्यूएल या पोस्टग्रेएसक्यूएलच्या क्लायंटमधली उद्गारचिन्हाची कमांड या दोन्हींनी मात्र घाबरायला नको. त्या ज्याच्या हातात कीबोर्ड आहे त्याच्या यंत्रावर चालतात, सर्व्हरवर नाही. हा फरक न कळल्यामुळे एका बैठकीत बराच वेळ गेला.

निकाल

दुबार रक्कम कोणाच्याही खात्यात गेली नाही. नवी पद्धत लागल्यानंतर एकदा दुसऱ्या बँकेचा सर्व्हर रात्री बंद होता. ओळ 'उचलली'वर अडकली, सकाळच्या संकलनाला काही कळलंही नाही, लेखापालांनी बँकेला फोन केला, फाइल मिळाली नसल्याचं समजलं, ओळ मागे घेऊन पुन्हा पाठवली.

वेगळं काय करता आलं असतं

किल देण्याआधी वेटचा प्रकार पाहिला असता तर दुसरी वाट शिल्लक राहिली असती. आता ऑपरेटरच्या टेबलावर एक पान चिकटवलेलं आहे: सेशनचा वेट 'प्रीएम्प्टिव्ह_ओएस'नं सुरू होत असेल तर किल नको, आधी फोन. अशा पानाची गरजच पडू नये हे खरं, पण पान लावायला दहा मिनिटं लागतात आणि सॉफ्टवेअर बदलायला महिने.

चाचणी सर्व्हिस खात्यानं घ्यायला हवी होती. बँकेच्या बदलाच्या पत्रासोबत आता एक छोटा जॉब चालवतात, जो बाहेरच्या प्रोग्रॅमच्याच खात्यानं जोडणी करून फक्त फोल्डरची यादी आणतो, काही पाठवत नाही.

आम्ही एजंटचा पहिला टप्पा थोडा जास्त काळ चालू दिला, असं आज वाटतं. तो चालत होता, त्यामुळे दुसऱ्या टप्प्याची निकड ओसरली. दरम्यान एक रात्र अशी आली की खुणा कमिट झाल्या आणि फाइलची पायरी लाल झाली. 'अदा' दिसत होतं, फाइल गेली नव्हती. नुकसान झालं नाही, कारण चूक कमी धोक्याच्या बाजूला होती आणि जॉबचा इतिहास बोलका होता. तरी 'अदा' हा शब्द तिथे खोटाच होता. पाठवणी टेबल आल्यावर पोच मिळेपर्यंत खतावणीत 'अदा' लागत नाही.

एक दार अजून उघडं आहे. सॉफ्टवेअर कंपनी वर्षातून एकदा अपग्रेड करते तेव्हा तिची स्क्रिप्ट एक्सपी_सीएमडीशेल चालू करते, काम करते आणि बंद करायला कधी कधी विसरते. सेटिंग बदलली की एरर लॉगमध्ये १५४५७ क्रमांकाची नोंद पडते. तिच्यावर अलर्ट लावला आहे, ईमेल ईडीपीला आणि लेखापालांना दोघांनाही जाते. पुढच्या करारात ती स्क्रिप्ट बदलून द्यायची अट घातली आहे; करारावर सही व्हायची आहे.